मामाच्या गाडीचं साल

"याव वर्षद गाडी, मॅडम?"

आरटीओ ऑफिसातल्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं. कुठल्या सालची गाडी, एवढाच प्रश्न. मी तयारीनंच गेले होते. फाईल उघडली, आरसी बुक त्यांच्यासमोर ठेवलं आणि ऐटीत म्हटलं, "एकाहत्तर."

साहेबांनी पानं उलटली. "हे नोंदीचं साल झालं. तेही दुबार पुस्तकातलं. गाडी तयार कधी झाली? मॉडेल कुठलं?"

त्या रकान्यात एक रेघ होती. निळ्या शाईची, अगदी सरळ, कुणीतरी पट्टी लावून मारलेली. इतक्या वर्षांत मी ती कधी पाहिलीच नव्हती.

"इथं रेघ आहे," मी म्हटलं.

"तेच सांगतोय. कम्प्युटर रेघ घेत नाही. साल मागतो."

मागच्या रांगेतलं कुणीतरी खुसखुसलं. साहेब मात्र भले माणूस होते. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: चेसीवरचा नंबर, आणि गाडी घेतली तेव्हाचा एखादा जुना कागद. हे दोन्ही आणा, गाडी तुमच्या नावावर करून देतो. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि दोन दिवसांचं काम आहे असं समजून बाहेर पडले. त्या दोन दिवसांचे पुढं चार महिने झाले.

मी बेळगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि हिंडलग्यात राहते. ही गाडी माझ्या निपाणीच्या मामाची. गोल नाकाची, फुगीर मडगार्डांची, मागं लाकडी फळ्यांचा हौदा असलेली जुनी पिकअप. मामाला मूलबाळ नव्हतं. मी सोळा वर्षांची असताना त्यानं मला निपाणीबाहेरच्या माळावर ह्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं. माझ्या आईला पत्ता लागेपर्यंत मला गिअर टाकता येत होते, आणि लागल्यावर आईनं भावाशी महिनाभर अबोला धरला होता. मामा गेल्यावर वर्षश्राद्धाच्या दिवशी मामीनं सगळी भावंडं जेवायला बसलेली असताना किल्ली आणून माझ्या पानाशेजारी ठेवली.

"तुझा मामा सांगून गेलाय," मामी म्हणाली. "गाडी तुला. दुसऱ्या कुणी चालवायची न्हाय."

माझा धाकटा भाऊ पटकन म्हणाला, "मामी, ती गाडी दुसऱ्या कुणाला चालवता येत न्हाय, असं म्हणाले असतील." आणि श्राद्धाच्या पंगतीत सगळे हसले. मामालाही आवडलं असतं.

तर गाडी कुठल्या सालची, हे मला माहीत नव्हतं असं नाही. उलट इतक्या वेळा ऐकलं होतं की पाठ झालं होतं. दर दिवाळीला फराळ झाला की मामा ती गोष्ट सांगायला बसायचा. तो मुंबईला गेला, गोदीजवळच्या कारखान्यातनं कोरी करकरीत गाडी बाहेर काढली, आणि एकट्यानं तीन दिवसांत घरी आणली. पहिल्या रात्री पुण्याच्या अलीकडं. दुसऱ्या रात्री साताऱ्यात पेट्रोल पंपावर, हौद्यात ताडपत्री पांघरून. तिसऱ्या दिवशी तवंदीच्या घाटात इंजिन तापलं, मग झऱ्याचं पाणी किटलीनं आणून ओतलं. गावात शिरताना वेशीवर माणसं उभी, हलगी वाजतीय, बॉनेटला झेंडूचा हार, आणि एक म्हातारी नारळ घेऊन पुढं आली.

"आणि तू जन्मायच्या आदल्या वर्षी," तो माझ्याकडं बोट करून शेवट करायचा. "गाडी तुझी थोरली भैन."

म्हणजे एकाहत्तर. मी ही गोष्ट माझ्या वर्गातल्या पोरांनाही सांगितली होती, चित्राचा विषय म्हणून. पंधरा वर्षं माझ्या शाळेतली मुलं झेंडूच्या हारातली पिकअप काढत होती.

चेसीचा नंबर शोधायला मी गाडी मच्छ्याला नेली. तिथं औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला एका अण्णांचं गॅरेज आहे. अण्णा सत्तरीचे. पूर्वी तीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात होते, निवृत्त झाल्यावर हौस म्हणून जुन्या गाड्या दुरुस्त करतात. मी गाडी लावली, तसे ते हात पुसत आले आणि गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, नवरी बघायला आल्यासारखी.

"एकाहत्तरची आहे," मी सांगितलं.

"कोण सांगितलं?"

"मामा."

"मामा मोठा माणूस. पण एकाहत्तरला ही गाडी म्हातारी झाली हुती." त्यांनी दाराच्या बिजागरीवर टकटक केलं. "असली दारं, असली काच, हा असला डॅशबोर्ड, हे लई आधीचं काम हाय."

"मग इंजिन नंबरवरनं कळेल ना?"

अण्णांनी बॉनेट उघडलं आणि मला बोलावलं. "हे इंजिन डिझेलचं. दुसऱ्याच गाडीचं. मूळचं पेट्रोलचं असणार, ते कधीच काढलेलं हाय. म्हणजे काय, माणसाचं काळीज बदललंय. आता काळजावरनं वय सांगा म्हटलं तर कसं सांगायचं?"

मग त्यांनी गाडी ठोकळ्यांवर चढवली, पाठीखाली पोतं घेतलं आणि खाली शिरले. मी बाहेरनं त्यांची पावलं बघत उभी. बराच वेळ घासल्याचा आवाज. मग खालनंच हाक आली, "बाई, वाकून बघा!"

मागच्या एक्सलच्या मधल्या गोळ्यावर चिखल आणि ग्रीसचा इंचभर थर होता. तो खरवडल्यावर लोखंडात उठावाचे आकडे दिसत होते. नऊ, मग एक आडवी खूण, मग सहा आणि एक.

"ही ओतायची तारीख," अण्णा म्हणाले. "साच्यात घालत्यात. आम्ही पण घालत हुतो. एकसष्ट सालचा नववा महिना. हा तुकडा त्या महिन्यात ओतलाय."

"म्हणजे गाडी एकसष्टची?"

"तुकडा एकसष्टचा. गाडी त्याच्या आधीची न्हाय. एक्सल कुणी बदलला नसंल तर." हे शेवटचं वाक्य त्यांनी फार हळू म्हटलं.

चेसीचा नंबर डाव्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या वर सापडला. रंगाचे चार थर काढल्यावर. सगळे आकडे स्वच्छ होते, एक सोडून. शेवटून तिसरा आकडा गंजानं खाल्लेला. तो तीन असू शकत होता किंवा आठ. अण्णा म्हणाले आठ. मी म्हटलं तीन. आम्ही त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, मोबाईलचा उजेड तिरका पाडून बघितलं, पीठ चोळून बघितलं. पीठ चोळल्यावर अण्णा तीन म्हणायला लागले आणि मी आठ.

घरी आल्यावर मुलीनं जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा एक ग्रुप इंटरनेटवर शोधून दिला. तिथं जगभरचे लोक एकमेकांच्या गाड्यांचे बोल्ट ओळखत बसलेले असतात. मी फोटो टाकले आणि माझ्या इंग्रजीत प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या एका आजोबांचं उत्तर आलं, दोन पानी. त्यांनी दाराच्या बिजागऱ्यांचे, काचेच्या कोपऱ्यातल्या खुणेचे, सीटखालच्या पत्र्याचे आणखी फोटो मागवले. मी पाठवत गेले. आठवडाभर नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, "आज ऑस्ट्रेलियाला गाडीचा कुठला अवयव?"

शेवटी आजोबांनी निकाल दिला. ही गाडी भारतात सुट्या भागांतून जोडलेली. तिकडं जुना झालेला साचा इकडं पुढं कित्येक वर्षं वापरात होता, त्यामुळं रूपावरून काही सांगता येत नाही. नंबरात तीन असेल तर एकोणसाठ, आणि मग एक्सल नंतर बदललेला. आठ असेल तर बासष्ट. कुठला आकडा आहे ते मात्र तुम्हीच सांगा, मी इतक्या लांबून गंज वाचू शकत नाही.

मी साहेबांकडं गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, ऑस्ट्रेलियाच्या आजोबांचं पत्रही वाचलं. "छान लिहिलंय," म्हणाले. "पण मॅडम, एकोणसाठ किंवा बासष्ट असं पण कम्प्युटर घेत नाही."

मध्ये मे महिन्याची सुट्टी लागली. साल कळो न कळो, गाडीला रंग तरी देऊ म्हणून मी तिला अंगणात सावलीला लावली आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. रंग हा माझा प्रांत. वरचा हिरवा मामानं मी कॉलेजात असताना दिलेला, तो मला आठवत होता. त्याच्या खाली निळा. डाव्या दारावरचा निळा काढताना मात्र हाताखाली काहीतरी लाल लागलं. मी पेपर टाकला, ओलं फडकं घेतलं आणि जपून, थोडं थोडं करत उघडायला लागले.

दोन मिरच्या निघाल्या. एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या, लालभडक, देठ हिरवे, आणि प्रत्येकीवर उजेड दाखवणारी एकेक पांढरी रेघ. हात तयार असलेल्या पेंटरचं काम होतं. कुंचला एकदाच ठेवलाय आणि एकदाच उचललाय. मिरच्यांच्या वर दुकानाचं नाव असावं, ते पार गेलं होतं. खाली मात्र कानडी अक्षरांत गाव शाबूत होतं: संकेश्वर.

मी फडकं बाजूला ठेवलं. मामानं गाडी कोरी आणली होती ना? मग तिच्यावर संकेश्वरच्या मिरच्या कुठनं आल्या?

मामीला फोन करावा असं वाटलं, पण केला नाही. काय विचारणार? एवढी वर्षं मामा खोटं बोलत होते का, असं? मामाला जाऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती. दारावर जुनी चादर टाकून ठेवली आणि दोन दिवस गाडीकडं गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मिरच्यांचा फोटो मोबाईलमध्ये घेतला आणि संकेश्वरची बस पकडली. गाडी घेऊन जायचा धीर झाला नाही.

संकेश्वरात मिरची काय नवलाची नाही. पेठेत पाय टाकल्यापासून मी शिंकत होते. तीन दुकानं झाली, कुणाला काही माहीत नव्हतं. चौथ्या दुकानात पोत्यावर टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फोटो डोळ्याजवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाले, "ही खूण? ही तर जुन्या पेठेतल्या आक्कांच्या वडिलांची. दुकान बंद होऊन जमाना झाला. आक्का हैत की. त्या तिकडं, पिवळं घर."

पिवळ्या घराचं दार पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी उघडलं. ताठ, गोऱ्या, इरकल नेसलेल्या. मी कानडीत सुरुवात केली, त्यांनी मराठीत उत्तर दिलं, आणि पुढं आम्ही दोघी आपल्या भागातल्या रीतीनं अर्धं हे अर्धं ते बोलत राहिलो.

"बर्री, कूडरी," म्हणाल्या. या, बसा. "काय काम काढलात?"

मी फोटो पुढं केला.

त्यांनी बघितलं आणि एकदम म्हणाल्या, "अय्या! आमची मिरची! पुसली होती की हो त्यानं!"

"कोणी?"

"आमच्या ड्रायव्हरनं. निपाणीचा. उंच होता, शिट्टी छान वाजवायचा."

मामा उंच होता. आणि शिट्टी तर अशी वाजवायचा की गल्लीतली कुत्री गोळा व्हायची. मी म्हणाले, "आक्का, मी त्यांची भाची."

त्यांनी माझा हात धरला आणि मला आत नेलं. चहा झाला. मग त्या जे सांगायला लागल्या ते मी आधी शंभर वेळा ऐकलेलं होतं, फक्त रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून.

"मी सातवीत होते. मुलकी परीक्षेचं वर्ष. गाडी येणार म्हणून आप्पांनी दुपारपासून वेशीवर माणसं उभी केलेली. हलगीवाला बोलावलेला. गाडी काही येईना. संध्याकाळ व्हायला आली. आप्पा येरझाऱ्या घालूलालेत. आणि मग आली एकदाची! म्हणे तवंदीच्या घाटात इंजिन तापलं. झऱ्याचं पाणी ओतत ओतत आणली. माझ्या आजीनं नारळ फोडला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि स्वतःचीच लाजही वाटली. मी बेळगावहून निपाणीला शेकडो वेळा गेलेय. संकेश्वर जातं, मग तवंदीचा घाट उतरला की निपाणी. मुंबईहून निपाणीला येणाऱ्या माणसाला तवंदीचा घाट लागतच नाही! तो निपाणी सोडून पुढं, संकेश्वरकडं निघालेल्या माणसालाच चढावा लागतो. दर दिवाळीला मामा हे आमच्यासमोर बसून सांगत होता आणि आमच्या आख्ख्या खानदानातल्या एकालाही कधी शंका आली नाही.

मामानं एकही गोष्ट बनवलेली नव्हती. मुंबई खरी, साताऱ्याचा पंप खरा, घाट, हार, हलगी, म्हातारी, सगळं खरं. गाडी तेवढी त्याची नव्हती.

"मग त्यांच्याकडं कशी आली?" मी विचारलं.

"एकाहत्तर साली आप्पांनी धंदा बंद केला तेव्हा पुष्कळ जण मागायला आले होते. आप्पा म्हणाले, तिला त्याच्या हाताची सवय झालीय, दुसऱ्याकडं ती नांदायची नाही. त्यालाच दिली. आणि आठ दिवसांत बघते तर काय, बाजारात गाडी उभी, पूर्ण निळी. मिरच्या गायब!" आक्का हसल्या. "मला राग आलता तेव्हा. पेंटर आमच्या ओसरीसमोर बसून त्या काढत होता आणि मी शेजारी बसून बघत होते."

"कुठलं साल आलं होतं हो, गाडी आली ते?"

"मुलकीचं वर्ष म्हणजे त्रेसष्ट. थांबा."

त्या उठल्या आणि कपाटातनं एक जाडसर पुस्तक घेऊन आल्या. पाठ उसवलेली, पुठ्ठ्याला तेलाचे डाग. गाडीबरोबर कारखान्यातनं आलेलं माहितीपुस्तक. "इंग्रजी वाचायला मी ह्याच्यावर शिकले," त्या म्हणाल्या. "शाळेत इंग्रजीचं पुस्तक उशिरा मिळायचं. माझा पहिला इंग्रजी शब्द कार्बुरेटर."

पुस्तकाच्या पानापानांत वाळलेली पिंपळपानं आणि रिबिनी होत्या. पहिल्या पानावर विक्रेत्याचा जांभळा शिक्का आणि खाली टाकानं लिहिलेल्या ओळी. गाडी ताब्यात दिली ते साल त्रेसष्ट. मॉडेल बासष्ट. आणि चेसी नंबर. मी पर्समधनं पेन्सिलीनं घासलेला कागद काढला, शेजारी धरला आणि एकेक आकडा बोटानं जुळवत गेले. शेवटून तिसरा आकडा आठ होता. वळणदार, डौलदार, वरचं वर्तुळ खालच्यापेक्षा लहान.

मी तिथूनच मच्छ्याला फोन लावला. "अण्णा, आठ!"

"मग? मी पहिल्यांदाच सांगितलो हुतो की," अण्णा म्हणाले. पीठ चोळल्यानंतरचं त्यांना काही आठवत नव्हतं.

साल मिळालं, आक्कांनी पुस्तकही कामापुरतं दिलं, पण परतीच्या बसमध्ये मला धड आनंद होईना. मामा माझा लाडका माणूस. त्यानं ड्रायव्हरकी केली ह्यात लपवण्यासारखं काय होतं? आणि आता मामीला कसं सांगायचं? तिनं आयुष्यभर त्या गोष्टीत भर घालत फराळाची ताटं वाढली होती. मी ठरवलं की मामीला फक्त बासष्ट सांगायचं, बाकी पोटात ठेवायचं.

पुढच्या रविवारी निपाणीला गेले. मामी पडवीत शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती. मी शेजारी बसले, दोन शेंगा मोडल्या आणि म्हणाले, "मामी, गाडीचं साल सापडलं. बासष्ट."

"कुठं सापडलं?"

"एका जुन्या पुस्तकात."

मामीनं शेंग मोडायची थांबवली. "संकेश्वरला गेलतीस व्हय गं?"

माझा चेहरा बघूनच तिला उत्तर मिळालं असावं. ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत.

"तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या आधीपासनं ठावं. माझ्या बानं चौकशी केलीती न्हवं. पोरगा काय करतो? तर मिरचीवाल्याकडं डायवर हाय, निर्व्यसनी हाय, गाडी लेकरावाणी जपतो. त्यावरच तर मला दिली."

"मग तू कधी बोलली कशी नाहीस? ते दर दिवाळीला सांगायचे..."

"काय खोटं सांगितलं त्यांनी? मुंबईस्नं कुणी आणली? त्यांनीच आणली. घाटात पाणी कुणी ओतलं? त्यांनीच. गाडी कुणासाठी आणली, तेवढं कुणी इचारलं न्हाय, त्यांनी सांगितलं न्हाय." मामीनं परत शेंग हातात घेतली. "एकदा मी म्हणाले हुते, गाडी घरला आल्यावर. अवो, घाट कुठं, आपलं गाव कुठं. तर ह्यांचं तोंड असं पडलं की दोन दिवस जेवलं न्हाईत. परत काढलं न्हाय मी."

मी म्हटलं, "मला सांगायचं तरी."

"तुला? तू समद्या शाळंला सांगत फिरालीस, तुला सांगू?"

आम्ही शेंगा संपवल्या. आमटी झाली, भाकऱ्या झाल्या, आणि जेवताना मामीनं आपणहून मला मामाच्या ड्रायव्हरकीच्या गोष्टी सांगितल्या, ज्या ह्या घरात कधी कुणी ऐकल्या नव्हत्या. गोकाकच्या बाजाराला जाताना मिरचीच्या पोत्यांवर बसलेली माणसं वाटभर कशी शिंकायची. गाडी आपल्या नावावर झाली त्या दिवशी मामा घरी आला आणि गाडीतनं उतरलाच नाही, जेवणसुद्धा आत बसून केलं. आणि लगेच निळा रंग का दिला? "मालक कुठाय म्हणून लोक इचारायचे," मामी म्हणाली. "मिरच्या बघून. त्यांस्नी ते लागायचं."

आरटीओतल्या साहेबांनी पुस्तकाचं पहिलं पान दोनदा वाचलं, शिक्का बोटानं चाचपला, झेरॉक्स मूळ पानाशी ताडून पाहिली आणि की-बोर्डवर चार आकडे दाबले. कम्प्युटरनं काही कुरकूर केली नाही. एवढ्या खटाटोपानंतर मला वाटलं होतं की निदान घंटा तरी वाजेल. साहेब म्हणाले, "झालं, मॅडम. आता ह्या पुस्तकाला जपा. मी नोकरीत असं कधी बघितलं नव्हतं." आणि जाता जाता, जरा लाजत, त्यांनी मोबाईलमध्ये कार्बुरेटरच्या चित्राचा एक फोटो काढून घेतला.

गाडी मी पुन्हा निळी केली. डाव्या दारावर मात्र मिरच्या तशाच ठेवल्या आणि त्यांच्यावर पारदर्शक वार्निश मारलं. मामाला आवडलं असतं की नसतं, माहीत नाही. बहुतेक नसतं. पण मला ते झाकवेना. शाळेत पोरांना खरी गोष्ट सांगितली, तर एका मुलीनं विचारलं, "मग बाई, आधीची सगळी चित्रं चुकली?" मी म्हटलं, चित्रं बरोबर आहेत, फक्त वेशीवरची पाटी बदला.

पुस्तक परत द्यायला संकेश्वरला जायचं होतं. मामी म्हणाली, मीही येते. हिंडलग्याहून मी गाडी घेऊन निपाणीला गेले, मामीला घेतलं आणि परत फिरले. घाट चढताना मामी तापमानाच्या सुईकडं बघत होती, पण अण्णांनी रेडिएटर नवा बसवलेला, सुई हलली नाही. पेठेतनं जाताना दोघातिघांनी दारावरच्या मिरच्या बघून हात केला.

आक्का ओसरीवर उभ्या होत्या. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना पहिल्यांदा भेटत होत्या, पण एकमेकींचं सगळं ऐकून असल्यासारख्या बोलायला लागल्या. शिट्टीचा विषय निघाला, तशी मामी म्हणाली, "लग्नात मांडवातसुद्धा वाजवली हुती." मग दोघींनी मला चहा करायला आत पिटाळलं. मी बाहेर आले तेव्हा आक्का गाडीजवळ उभ्या राहून दाराच्या मुठीवरनं हात फिरवत होत्या.

"बसता का?" मी विचारलं.

"मी कधी पुढं बसले नाही हो ह्याच्यात," त्या म्हणाल्या. "आप्पांचा नियम. पुढं ड्रायव्हर आणि मालक. आम्ही मुली मागं, हौद्यात, पोत्यांवर. भाऊ पुढं बसायचा. मी लई रडत होते."

मामीनं पदर खोचला, एका हातानं दार उघडलं आणि दुसऱ्या हातानं त्यांना आधार दिला. पायरी उंच होती. तिसऱ्या प्रयत्नात आक्का चढल्या, इरकल सावरून बसल्या आणि काचेतनं समोर बघायला लागल्या. मामी त्यांच्या शेजारी चढून बसली. मी स्टेरिंगवर. तिघी दाटीवाटीनं.

"कुठं जायचं, आक्का?"

त्यांनी थोडा विचार केला. "आधी पेठेतनं एक फेरी. हळू. सगळ्यांना दिसलं पाहिजे."